खिडकीपलीकडचं हॅलोवीन

हार्लो क्रीक, पेनसिल्व्हेनिया
२८ सप्टेंबर २०२०

प्रिय मॅक्स,

आधी एक गंमत सांगते. परवा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेले होते. वसंतात आलेली नवी फार्मासिस्ट समोर होती. तोंडावर मास्क आणि पुढे प्लास्टिकचा पडदा. तिने काहीतरी विचारलं. मी हसून मान डोलावली. तिने आणखी काही विचारलं, मी आणखी डोलावली. मग तिने मला खुर्चीवर बसवलं, बाही वर करायला लावली आणि फ्लूचं इंजेक्शन टोचलं. घरी आल्यावर लक्षात आलं, गोळ्या तिथेच राहिल्या. ओठ दिसले नाहीत की माझ्या लेखी माणूस म्हणजे पुटपुटणारी भिंत. आता दुकानात जाताना चिठ्ठी लिहून नेते.

खरी बातमी पुढे आहे. आमच्या नगर परिषदेने हॅलोवीनचं ठरवलं. बंदी नाही. संध्याकाळी सहा ते आठ, ज्यांना सोंगं घेतलेली मुलं खाऊ मागायला यायला हवीत त्यांनी व्हरांड्यातला दिवा लावायचा, नको त्यांनी बंद ठेवायचा. खाऊ हातात द्यायचा नाही, घोळका करायचा नाही. मी दिवा लावणार आहे. माझा लाइल गेल्यापासून या घरात वर्षातून एकदाच खरी गर्दी होते, आणि गावात अख्खी मोठी चॉकलेटं देणारं घर माझं एकटीचंच. मुलांना ते पक्कं ठाऊक आहे.

गॉर्डनला माझी आठवण सांग. त्याच्या तळ्यावर यंदा मासे लागले का?

तुझी,
वर्ना


डलूथ, मिनेसोटा
५ ऑक्टोबर २०२०

प्रिय वर्ना,

तुझं इंजेक्शन वाचून गॉर्डन खुर्चीतून पडायचा बाकी होता. फ्लूची लस घेतलीस हे बरंच झालं. पण घेतली म्हणण्यापेक्षा तुला ती लागली म्हणायला हवं.

दिव्याचं मात्र ऐक. मी तीस वर्षं शाळेत नर्स होते. एक मूल शिंकलं की शुक्रवारपर्यंत अर्धा वर्ग घरी बसायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू सत्त्याहत्तरची आहेस. दोनदा न्यूमोनिया झालाय. दिवा बंद ठेव, मागच्या खोलीत एखादं पुस्तक घेऊन बस, आणि पुढच्या वर्षी हवी तेवढी चॉकलेटं वाट. मुलं एका वर्षात तुला विसरणार नाहीत.

आणि व्हिडिओ कॉलसाठी तो टॅब्लेट घे, असं मी किती वेळा सांगू? ग्रंथालयातले संगणक पुन्हा सुरू होण्याची वाट बघत बसलीस तर आपण एकमेकींना कधी बघणार?

गॉर्डनला जरा सर्दी आहे. बाकी ठीक.

तुझी,
मॅक्सीन


हार्लो क्रीक
१० ऑक्टोबर २०२०

मॅक्स,

शाळेतल्या मुलांना पत्र लिहिल्यासारखं मला लिहीत जाऊ नकोस. मला खोकताना कोपर तोंडासमोर धरता येतं.

तुला वाटतं मी चॉकलेटांसाठी हट्टाला पेटलेय. माझ्या कानातली यंत्रं आवाज देतात, शब्द देत नाहीत. शब्द मी गेली चाळीस वर्षं लोकांच्या ओठांवरून उचलतेय. मार्चमध्ये सगळ्यांनी ओठ झाकले, आणि झाकायलाच हवे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून माझ्याशी कुणी काय बोललं ते मला कळलेलं नाही. लोक चांगले आहेत. पोस्टमन हात करतो. शेजारची शॉना दर आठवड्याला सूप आणून पायरीवर ठेवते आणि काहीतरी सांगते, डोळ्यांवरून वाटतं की चांगलंच सांगत असणार. मी मान डोलावते. पत्र लिहायला बसते तेव्हा कळतं की दिवसभरात आपण एकही वाक्य पुरतं बोललो नाही. परवा मी आरशासमोर उभी राहून स्वतःचे ओठ वाचत होते. कोणाला सांगू नकोस.

म्हणून दिवा लावणार. माझी चिठ्ठी वाचून शॉनाचा नवरा डॉमिनिक फाटकाशी टेबल लावून देणार आहे, त्यावर एकेक पुडी अंतर ठेवून मांडेन. मी स्वतः घरात, पुढच्या मोठ्या खिडकीमागे, दार बंद करून बसेन. मुलं येतील, पुडी उचलतील, जातील. माझ्या वाट्याला फक्त बघणं. तेवढं तरी असू दे.

गॉर्डनला म्हणावं, मध आणि लिंबू घे.

वर्ना


हार्लो क्रीक
१९ ऑक्टोबर २०२०

मॅक्स,

तुझं पत्र नाही. मागच्या वेळी मी जरा तोडून लिहिलं, त्याचा राग आला असेल तर तसं लिही आणि माझ्यावर ओरड. पण गप्प बसू नकोस. माझ्याकडे आधीच खूप शांतता आहे.

भोपळा कोरला. एक डोळा मोठा झाला, तो तुझ्यासारखा दिसतो.

वर्ना


डलूथ
२० ऑक्टोबर २०२०

श्रीमती शॉना पेट्रेला यांस,

आपली ओळख नाही. मी तुमच्या शेजारच्या वर्ना होलिंगरची धाकटी बहीण, मॅक्सीन. वर्नाच्या पत्रांत तुमच्या सुपाचा उल्लेख असतो. त्या बळावर हे लिहितेय.

वर्नाला माणसं ऐकू येत नाहीत, दिसतात, हे तुम्हाला माहीत असेलच. पण मार्चपासून तिला कोणाचंच बोलणं कळलेलं नाही, हे तिने तुम्हाला सांगितलं नसणार. तुम्ही पायरीवरून जे बोलता त्यातलं तिला काही समजत नाही. ती फक्त मान डोलावते. हे मलाही परवापर्यंत कळलं नव्हतं. मी तिला दिवा बंद कर म्हणून दटावत बसले होते.

एक सुचलंय. ती हॅलोवीनला बंद खिडकीमागे बसणार आहे. मध्ये काच असेल, तर काचेपलीकडच्या माणसाने क्षणभर मास्क खाली घ्यायला काय हरकत आहे? एका वेळी एकच कुटुंब व्हरांड्यात यावं, बाकीच्यांनी खाली रस्त्याकडेला अंतर ठेवून थांबावं. मुलांनी काचेसमोर येऊन मास्क हनुवटीखाली घ्यावा, जे म्हणायचं ते म्हणावं, आणि पुन्हा लावूनच वळावं. काचेला हात लावायचा नाही. आणि ओरडायचं नाही, ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात आणि तिला वाचता येत नाही. नेहमीसारखं बोलायचं. तुमच्या रस्त्यावरच्या आयांना हे सांगता येईल का?

आता दुसरी गोष्ट. माझे पती गॉर्डन याच साथीने हॉस्पिटलात आहेत. आठ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. मलाही कोरोना झाला होता, मी बरी आहे, फक्त तोंडाला कसलीच चव नाही. मला त्यांना भेटू देत नाहीत. वर्नाला यातलं काही माहीत नाही आणि कळूही देऊ नका. ती एकटी आहे. तिथे बसून ती फक्त झुरत राहील. तिची एक संध्याकाळ चांगली जाऊ द्या. मग मी सांगेन.

तुमची आभारी,
मॅक्सीन ऑल्स्टेड


हार्लो क्रीक
२४ ऑक्टोबर २०२०

प्रिय मॅक्सीन,

तुमचं पत्र मी गाडीत बसूनच वाचलं आणि मग बराच वेळ गाडीतून उतरले नाही. मी वृद्धाश्रमात काम करते. दिवसभर म्हाताऱ्या माणसांशी मास्कमधून बोलते, त्यातली निम्मी मान डोलावतात. उद्यापासून मी पाटी घेऊन जाणार आहे.

वर्नाला मी गेले सहा महिने सांगतेय की सुपात सेलरी आहे, तुम्हाला चालते ना? ती दर वेळी हो म्हणते. डॉमिनिक म्हणाला, "तिला सेलरी आवडत नसणार बघ, बिचारी गप गिळत असणार."

रस्त्यावरच्या सगळ्यांना कळवलंय. एकानेही नाही म्हटलं नाही. माझी मुलगी पायपर आरशासमोर 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणायचा सराव करतेय. मी तिला म्हटलं, "अगं, एवढा जबडा फाडून नको म्हणूस, त्या घाबरतील." ती म्हणाली, "हॅलोवीनच आहे ना, मग घाबरू देत की." डॉमिनिकने फाटकापासून व्हरांड्यापर्यंत खडूने पावलं काढलीत, म्हणजे कुणी कुठे थांबायचं ते मुलांना कळेल. वर्नाने खिडकीतून खुणेने विचारलं, हे काय? त्याने खांदे उडवले.

गॉर्डनबद्दल आम्ही एक शब्द काढणार नाही. रविवारी चर्चची प्रार्थना पार्किंगमध्ये होते, तिथे त्यांचं नाव घेऊ.

तुमची,
शॉना


डलूथ
२५ ऑक्टोबर २०२०

प्रिय वर्ना,

राग कसला? कामात होते. घराची हिवाळ्याची तयारी चालली आहे. गॉर्डन मागच्या अंगणात पानं गोळा करतोय, त्याची सर्दी गेली. तुझ्या भोपळ्याला माझा डोळा दिलास त्याबद्दल आभार.

दिवा लाव. तू म्हणतेस तेच बरोबर होतं. दार मात्र उघडू नकोस, काहीही झालं तरी. संध्याकाळ कशी गेली ते सविस्तर लिही, काहीही गाळू नकोस.

तुझी,
मॅक्स


हार्लो क्रीक
१ नोव्हेंबर २०२०

प्रिय मॅक्स,

सविस्तर लिही म्हणालीस, तर आता ऐक.

सहाला मी दिवा लावला आणि खिडकीत खुर्ची ओढून बसले. लाल कोट घातला होता. थंडी कडक होती. पहिली आली ती पायपर. कपडे धुण्याचं यंत्र झाली होती, खोक्याच्या पोटातून मोजे लोंबत होते. मला वाटलं फाटकातूनच पुडी घेऊन जाईल. ती खडूच्या पावलांवरून सरळ व्हरांड्यात चढली, काचेसमोर उभी राहिली आणि तिने मास्क खाली घेतला.

मी घाबरून हाताने 'लाव, लाव' केलं. ती हसली. तिचे पुढचे दोन दात नवीन आलेत, मला माहीतच नव्हतं. आणि ती म्हणाली, "ट्रिक ऑर ट्रीट, मिसेस होलिंगर." मॅक्स, मला अक्षर न् अक्षर कळलं. मार्चनंतर मला कळलेलं ते पहिलं वाक्य. मी तिच्या ओठांकडेच बघत राहिले. ती थांबली, मग म्हणाली, "आता तुम्ही बोलायचं असतं."

मग एकामागून एक येत राहिले. एका वेळी एकच घर, बाकीचे रस्त्याकडेला आपापल्या पावलांवर उभे. व्हरांड्यात यायचं, मास्क खाली, बोलायचं, मास्क वर, मग टेबलावरून पुडी. एक ड्रॅगन आला, त्याच्या ड्रॅगनच्या मुखवट्याखाली दुसरा मास्क, दोन्ही काढेपर्यंत काय म्हणायचं ते विसरला. ब्रिगमांच्या थोरल्या मुलाला मिशी फुटली आहे. गावात कोणाला माहीत नसेल, मास्कखाली वाढवली त्याने. मी म्हटलं, "छान दिसते." तो लाजून पायऱ्या उतरताना पडता पडता राहिला. छोट्या डॅनबीने चॉकलेट नको म्हणून सांगितलं, त्याला फक्त दाखवायचं होतं की त्याचा दात हलतोय. दाखवला.

आईबापही बोलले. कोणाचं लग्न पुढे ढकललं, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या कुत्रीला पिल्लं झाली, सगळं मला एका संध्याकाळी कळलं. ती फार्मासिस्ट तिच्या मुलीला घेऊन आली. तिचं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. मी मनात तिला पातळ ओठांची, कडक अशी बाई करून ठेवलं होतं. गोल चेहरा आहे, गालाला खळ्या पडतात. ती म्हणाली, "मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं, लस हवी का, तुम्ही तीनदा हो म्हणालात." मी म्हटलं, "चौथ्यांदा विचारलं असतंस तर तेही हो म्हणाले असते."

शॉनाने विचारलं, "सुपात सेलरी चालते का?" मी म्हटलं, "नाही." डॉमिनिक इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

आता गाळू नकोस म्हणालीस म्हणून पुढचंही लिहिते.

आठ वाजत आले होते. रस्ता रिकामा झाला. शॉना आणि डॉमिनिक टेबलापाशी, दिव्याखाली उभे होते. मास्क खाली घेऊन गरम सफरचंदाचा रस पीत होते. मी त्यांच्याकडे बघत होते, सहज, सवयीने. डॉमिनिक म्हणाला, "मॅक्सीनच्या नवऱ्याचं काही कळलं?" शॉना म्हणाली, "नळी काढली. पण अजून हॉस्पिटलातच आहेत. तिला सांगायचं नाही, मॅक्सीनने बजावलंय."

त्यांना वाटलं त्यांची पाठ माझ्याकडे आहे. डॉमिनिकची होती, शॉनाची नव्हती. त्याचे ओठ मला फाटकाबाहेर उभ्या गाडीच्या काचेत दिसले.

तेवढ्यात शेवटचं कुटुंब आलं, कडेवर बाळ, बाळाला भोपळ्याची टोपी. मी बाळाशी बोलले, हसले, हात हलवला. मग दिवा मालवला आणि लाल कोट न काढताच बसून राहिले.

आधी खूप रागावले. मग तुझं २५ तारखेचं पत्र काढून पुन्हा वाचलं. गॉर्डन पानं गोळा करतोय म्हणे. गॉर्डनने लग्न झाल्यापासून एक पान उचललेलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आणि ही खिडकीची सगळी योजना तुझी आहे, हेही आता माझ्या ध्यानात आलं. नवरा नळीवर असताना तू माझ्यासाठी अनोळखी बाईला पत्रं लिहीत होतीस. आता तुझ्यावर ओरडू कशी?

मला जपण्यासाठी मला काही सांगायचं नाही, असं मात्र पुन्हा करू नकोस. ऐकू न येणं मला जमलंय. न कळणं जमत नाही. तिथलं जे आहे ते सगळं लिही.

वर्ना


डलूथ
९ नोव्हेंबर २०२०

माझी वर्ना,

चुकलं. तुझ्यासमोर कुजबुजलेलंही सुरक्षित नाही, हे मी शॉनाला सांगायला विसरले.

गॉर्डन शनिवारी घरी आला. चाकांच्या खुर्चीतून, पण आला. इतका वाळलाय की लग्नाची अंगठी सुतळीत ओवून गळ्यात घातली आहे. चालायला शिकतोय, पलंगापासून खिडकीपर्यंत. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं सावरतील, वेळ लागेल.

त्याचा आवाज गेलाय. नळीमुळे घशाला इजा झाली, काही आठवडे असंच राहील म्हणतात. नुसते ओठ हलतात, हवा येते. लिहायला दिलं तर हात थरथरतो. मी त्याला विचारत राहते, पाणी हवं? उशी हवी? तो मान डोलावतो. मग मला तुझं इंजेक्शन आठवतं आणि कळत नाही की हे खरं हो आहे की कंटाळून म्हटलेलं. काल तो बराच वेळ काहीतरी सांगत होता. मी तीनदा विचारलं. शेवटी त्याने डोळे मिटून घेतले.

तुझी,
मॅक्स


हार्लो क्रीक
१२ नोव्हेंबर २०२०

मॅक्स,

अगं, ओठ हलतात म्हणतेस ना? मग आणखी काय हवं?

रविवारी दुपारी शॉना तिचा टॅब्लेट पुसून माझ्या व्हरांड्यात ठेवणार आहे. तिच्या घरचं इंटरनेट माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतं, आम्ही बघून घेतलं. तू जिंकलीस, मी त्या पाटीसमोर बसणार. गॉर्डनला उजेडाकडे तोंड करून बसव. दाढी वाढली असेल तर काढ, मिशांत अर्धे शब्द अडकतात. आणि त्याला सांग, ताण देऊन बोलायचं नाही, आवाज काढायचा प्रयत्नही करायचा नाही. माझ्याशी बोलायला आवाज लागत नाही.

वर्ना


हार्लो क्रीक
१६ नोव्हेंबर २०२०

प्रिय मॅक्स,

काल तू पडद्यावर दिसलीस आणि पहिली पाच मिनिटं आपण दोघी नुसत्या बघत बसलो, त्यात गॉर्डनची वेळ गेली. तू केस स्वतः कापलेत, ते दिसतं.

त्याचं बोलणं मला सगळं कळलं. तुला तिथल्या तिथे सांगितलं ते एवढंच, की खिडकीचा पडदा सकाळी लवकर उघड, त्याला तळं बघायचंय, आणि आठवडाभर तुझ्या सगळ्या रश्शांत मीठ भयंकर आहे, तुला चव लागत नाही म्हणून तो गप्प गिळतोय. तू हसलीस, मग डोळे पुसत चहा टाकायला आत गेलीस.

तू आत गेल्यावर तो आणखी बोलला. गेल्या आठवड्यापासून तुला हेच सांगत होता आणि तुला कळत नव्हतं. मला म्हणाला, तोंडी नको, तिला पत्रात लिही, म्हणजे तिला हवं तेव्हा परत वाचता येईल. म्हणून तो म्हणाला तसंच लिहिते:

"मॅक्सला सांग, रात्री माझ्या उशाशी बसून रडायला लाइट घालवत जाऊ नकोस. मी जागाच असतो. मला तिचा हात धरायचा असतो, पण अंधारात तो सापडत नाही."

तुझी,
वर्ना